पाच किलो चारशे ग्रॅम

जयंतरावांनी आट्याच्या पिशवीला झबलं चढवलं, वर बांधलेल्या पुरचुंडीला टोपडं घातलं आणि मोबाईलसमोर ती उताणी ठेवली.

"दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय," साताऱ्याहून शोभनाताई म्हणाल्या. "डोक्यात काय भरलंय?"

"तूरडाळ. चारशे ग्रॅम. आटा पाच किलो. परवा हेबामे येऊन गेली ना, ती दाई गं इथली, तिच्या काट्यावर आपली कादंबरी पाच किलो चारशे भरली. ही डमीपण तेवढीच आहे. मोजून घेतलीय."

"बरं. आता तेल हातावर घ्या. चोळून गरम करा. पोटावरून हात फिरवा, घड्याळाच्या काट्यासारखा. अहो, घासताय काय असं? समई आहे का ती पितळेची?"

जयंतरावांनी हात हलका केला. जर्मनीत, एर्लांगेनमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराचं दार लावून, हा वर्ग आठवडाभर चालू होता. साताऱ्याच्या आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती, आणि त्या चौतीस वर्षांत त्यांनी प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगितलं होतं. आधी स्क्रॅपवर हात बसवायचा, मग जॉबला हात लावायचा. आटा हे स्क्रॅप होतं. जॉब आतल्या खोलीत झोपला होता.

मुळात जयंतराव इथे सामान उचलायला यायचे होते. लेकीचं बाळंतपण करायला शोभनाताई निघाल्या होत्या. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि वेखंड एका माणसाच्या वजनात बसेना, म्हणून नवऱ्याचं तिकीट काढलं गेलं. निघायच्या आठ दिवस आधी माळ्यावरून लाडवांचा डबा काढताना शोभनाताई स्टुलावरून घसरल्या आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. उरलं सामान आणि जयंतराव. दोघंही वेळेवर पोचले.

तसे ते निरुपयोगी ठरले नाहीत. आल्या आल्या त्यांनी कुरकुरणारं कपाट नीट केलं, भांडी घासायचं काम अंगावर घेतलं, कचऱ्याचे चार रंगांचे डबे पाठ केले. लेक ज्ञानदा आणि जावई ध्रुव दोघं त्यांच्यावर खूश होते. खूश नव्हती ती फक्त कादंबरी. तीन महिन्यांची ही नात सगळ्यांकडे सुखानं जायची. ध्रुवच्या छातीवर झोपायची. हीटिंगचं मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघून तर ती चक्क हसली होती. पण आजोबांचा चेहरा वर आला की तिचा खालचा ओठ आधी थरथरायचा, मग बाहेर यायचा, आणि मग सगळ्या मजल्याला कळायचं.

"मिशीला घाबरत असेल," शोभनाताईंनी निदान केलं. चाळीस वर्षांची मिशी जयंतरावांनी एका सकाळी उतरवली. कादंबरी त्या दिवशी आणखी जोरात रडली. ज्ञानदाही थोडी दचकली, पण ती मोठी होती.

तेव्हापासून जयंतरावांनी एक नियम केला. तोंड दाखवायचं नाही. पोरीच्या खोलीत जायचं झालं तर बाजूबाजूनं जायचं, किंडरवागनचं, म्हणजे तिच्या गाडीचं, छत पुढे ओढून ठेवायचं, आणि वाकून आत बघायचं नाही. नव्वद दिवसांचा व्हिसा संपत आला होता. रविवारी परतीचं विमान होतं. त्याआधी एकदा, फक्त एकदा, त्या पोरीनं आपल्या हातांत पाच मिनिटं न रडता राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. शोभनाताईंना ते न सांगताच कळलं होतं, म्हणून तर त्या प्लास्टर निघाल्यावरही दुखणारा हात घेऊन रोज तासभर फोन धरून बसायच्या.

आधीच्या शनिवारी संध्याकाळी ज्ञानदा म्हणाली, "बाबा, गुरुवारी आमच्या बेबी मसाज कोर्सचा शेवटचा तास आहे. तुम्ही चला. आजी-आजोबा चालतात."

"मी काय करू तिथे?"

"तुम्ही लावा तेल. फ्राउ लिंडनर शिकवते. छान शिकवते. फक्त एक आहे, आधी बाळाला विचारायचं असतं. तेलाचे हात दाखवायचे आणि परवानगी घ्यायची."

"कुणाची?"

"कादूची. ती शांत असली, बघत असली तर हो. रडली, तोंड फिरवलं तर नाही. नाही म्हटलं की हात लावायचा नाही."

"साताऱ्यात मोठ्या माणसालाही कोणी विचारत नाही," जयंतराव म्हणाले. पण त्यांनी वहीत लिहून घेतलं.

अडचण एवढीच होती, की त्या सकाळी नऊ वाजता ज्ञानदाची गावात डॉक्टरकडे वेळ होती. ती तिकडूनच परस्पर कोर्सला येणार होती. कादंबरीला बसनं आणायचं काम आजोबांवर आलं. ज्ञानदाला याची थोडी धास्ती होती, पण जयंतरावांना नव्हती, कारण सोमवार, मंगळवार आणि बुधवार असे तिन्ही दिवस त्यांनी त्याच बसची रंगीत तालीम केली होती. रिकामी गाडी बसमध्ये चढवणं वेगळं आणि लोडसकट चढवणं वेगळं, म्हणून तालमीला डमी गाडीत घातली होती. झबलं, टोपडं, वर निळं दुपटं, सगळं व्यवस्थित. बुधवारी बसचा ड्रायव्हर त्यांना बघून हसला आणि आपणहून मधलं दार उघडलं.

गुरुवारी ठरलं होतं ते असं. साडेनऊला ध्रुवनं कादंबरीला दूध पाजायचं, कपडे घालायचे, गाडीत ठेवायचं. दहाला जयंतरावांनी निघायचं. ध्रुवनं दूध पाजलं, कपडे घातले, आणि ती झोपली म्हणून तिला पाळण्यातच ठेवली. निघताना उचलून देऊ, असा त्याचा विचार. तेवढ्यात त्याची मीटिंग दहा मिनिटं आधी सुरू झाली. तो घरूनच काम करायचा. हेडफोन लावून तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला.

पावणेदहाला देवाला नमस्कार करून जयंतराव बाहेर आले. पॅसेजमध्ये गाडी उभी होती. छत पुढे ओढलेलं, निळं दुपटं वरपर्यंत घेतलेलं, दुपट्याच्या वर टोपड्याची कड. नियमाप्रमाणे त्यांनी वाकून बघितलं नाही.

"ध्रुवराव, निघतो हं," ते हळूच म्हणाले.

ध्रुवनं मान वळवून बघितलं. सासरे गाडी घेऊन निघालेले. रोजच्यासारखी तालीम, त्याला वाटलं. दहाला अजून वेळ आहे. त्यानं अंगठा वर केला आणि स्क्रीनकडे वळला. दार लागलं. आता वाचकांना सांगायला हरकत नाही, की पाळण्यात कादंबरी होती आणि गाडीत कालचा आटा.

लिफ्टमध्ये ती रडली नाही. फुटपाथवरच्या दगडांवर गाडी खडखडली तरी रडली नाही. बसमध्ये चढताना चाक अडकून जोरात हिसका बसला, जयंतरावांनी डोळे मिटून घेतले, पण आतून हूं की चूं नाही. गाडीच्या जागेशी त्यांनी ब्रेक लावला, शेजारच्या खुर्चीवर बसले आणि रुमालानं कपाळ पुसलं. समोरच्या वृद्ध बाई गाडीकडे बघून कौतुकानं काहीतरी म्हणाल्या. त्यातलं "शांत" एवढं जयंतरावांना कळलं.

"गेनाऊ," ते म्हणाले. जर्मनमध्ये अगदी बरोबर म्हणायला हा एक शब्द त्यांना पुरत होता. मग अभिमानानं तो आणखी एकदा म्हणाले.

मधल्या थांब्यावर काही माणसं चढली, काही उतरली. बस पुन्हा चालू लागली. जयंतराव गाडीच्या छताकडे तोंड नेऊन, पण आत न बघता, हळू आवाजात बोलू लागले. मराठीत बोलणाऱ्या माणसाला परदेशी बसमध्ये वाटतं की आपण बंद खोलीतच आहोत.

"कादू, आज रडली नाहीस. शहाणी माझी बाय. झोपली असलीस तरी ऐक. तुझी आई एवढीशी होती ना, तेव्हा तुझ्या आज्जीला टायफॉइड झाला. पोरीला तेल लावायला, आंघोळ घालायला घरात कोणी नाही. म्हणजे मी होतो. पण मी म्हटलं, माझे हात खरखरीत, पोरीला ओरखडे येतील. खोटं बोललो गं. दगडानं घासून मऊ करता आले असते हात. मी घाबरलो होतो. हातातून निसटली तर? लेथवर केसाएवढा फरक मला बोटांना कळायचा, आणि पोटच्या पोरीला उचलायची छाती झाली नाही. शेजारच्या काकूंनी महिनाभर तिला न्हाऊ घातलं. मी बाहेर पेपर वाचत बसायचो. पेपर उलटा धरलाय, हे काकूंनीच सांगितलं एकदा."

बस वळली. त्यांनी गाडीला हात लावून धरला.

"मग ती चालायला लागली. म्हटलं, आता मोठी झाली, आता काय जवळ घ्यायचं. इकडे यायला निघाली तेव्हा विमानतळावर तुझी आज्जी रडत होती आणि मी ट्रॉलीचं चाक नीट करत होतो. तिला वाटलं असेल, बाबांना चाकाचीच काळजी. तर ते राहिलंच बघ. आज तू जर हो म्हणालीस ना, तर तुला लावीन. थोडं तिला लावल्यासारखं होईल. नाही म्हणालीस तर राहिलं. जबरदस्ती नाही. इथे विचारायची पद्धत आहे."

कादंबरीनं काहीच उत्तर दिलं नाही. हे मौनं संमतिलक्षणम् असणार, असं जयंतरावांनी धरलं.

कोर्सची खोली उबदार होती. जमिनीवर सात गाद्या, त्यांतली एक रिकामी, बाकीच्यांवर सहा आया, सहा उघडी बाळं आणि बदामाच्या तेलाचा वास. फ्राउ लिंडनर पायांत जाड लोकरी मोजे घालून सगळ्यांमध्ये फिरत होत्या. जयंतराव गाडी आत घेतात न घेतात तोच पाठोपाठ ज्ञानदा आली. तिचं नाक लाल झालं होतं.

"सर्दी झाली का गं?" त्यांनी विचारलं.

"हो. थोडी," ती म्हणाली आणि तोंड वळवून जॅकेट काढू लागली.

"वाटेत एकदाही रडली नाही," जयंतराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी बसमध्येच तयार करून ठेवलं होतं. मग आठवडाभर शिकल्याप्रमाणे, एक हात मानेखाली, एक हात कमरेखाली, त्यांनी दुपट्यासकट नात उचलली. फ्राउ लिंडनर लाडानं स्वागत करायला वाकल्या, आणि तीन दिवसांच्या बसच्या धक्क्यांनी सैल झालेल्या पुरचुंडीतून तूरडाळ त्यांच्या मोज्यांवर सांडायला लागली.

एक आई किंचाळली. फ्राउ लिंडनर पिवळ्या डाळीकडे बघत राहिल्या. टोपडं हळूहळू चपटं होत गेलं.

जयंतरावांनी दुपटं बाजूला करून बघितलं. "ज्ञानू," ते म्हणाले, "हा आटा आहे."

"बाबा, कादू कुठाय?"

बसमध्ये? फुटपाथवर? सकाळपासूनचा प्रत्येक थांबा त्यांच्या डोळ्यांपुढून गेला आणि प्रत्येक थांब्यावर आटाच होता. ज्ञानदानं ध्रुवला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला, आणि हॅलोच्या आधी फोनमधून ओळखीचा टाहो आला. त्या क्षणी जगात यापेक्षा गोड आवाज नव्हता.

"अगं, ही उठली," ध्रुव सांगत होता. "बाबा तालमीहून अजून आलेच नाहीत. मी म्यूट करायला विसरलो, अकरा जणांनी ऐकलं. बाबा कुठे आहेत?"

"बाबा कोर्सला आहेत. आट्याला घेऊन."

पलीकडे थोडा वेळ फक्त कादंबरी बोलत होती. "निघतो," ध्रुव म्हणाला.

ज्ञानदानं फ्राउ लिंडनरना सगळं जर्मनमध्ये सांगितलं. खोलीत आधी कुणी हसायचं धाडस केलं नाही. मग मघाशी किंचाळलेली आईच पहिली हसली. जयंतराव खाली मान घालून एकेक डाळ वेचत होते. फ्राउ लिंडनर त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या, पिशवी हातांवर तोलून बघितली आणि भुवया उंचावून काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतायत?" जयंतरावांनी ज्ञानदाला विचारलं.

"म्हणतायत, त्यांची शिकवायची बाहुली दोन किलोची आहे. त्यामुळे लोकांना खऱ्या बाळाचा अंदाज येत नाही. हे वजन कुणी काढलं?"

"पाच किलो चारशे," जयंतराव म्हणाले. "आता थोडं कमी भरेल. डाळ सांडली."

बाळ येईपर्यंत वेळ फुकट घालवायचा नाही, असं बाईंनी ठरवलं. जयंतरावांच्या तळहातावर तेल ओतलं. त्यांनी हात चोळले, आट्याला दाखवले, आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "लावू का?" मग पोटावरून हात फिरवला, घड्याळाच्या काट्यासारखा. छातीवरून खांद्यांकडे, हळू. खरखरीत हात तेलानं मऊ झाले होते. बाकीच्या आया आपापल्या बाळांवरचे हात थांबवून बघत होत्या.

"आता काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तुमचे हात चांगले आहेत. उबदार आणि संथ. घाई नाही त्यांत." ज्ञानदा थांबली. "आणि म्हणतायत, मसाजनं बाळाचे गॅस जातात, झोप लागते, हे सगळे सांगतात. पण लावणाऱ्याचंही काहीतरी सुटतं आतलं. ते कुणी सांगत नाही."

पाऊण तासानं ध्रुव आला. गळ्यात हेडफोन, पायांत घरातल्या सपाता, छातीवर कापडात बांधलेली कादंबरी. ती घरापासून रडत आली होती. तिचं ऐकून पहिल्या गादीवरचं बाळ सुरू झालं, मग दुसरं, आणि अर्ध्या मिनिटात सातही जणांनी सूर धरला.

जयंतरावांनी नव्यानं तेल घेतलं. हात गरम केले. गादीवर ठेवलेल्या नातीला ते हात दाखवले, आणि पहिल्यांदाच नियम मोडून तिच्याकडे सरळ बघितलं.

"लावू का गं तेल?"

खालचा ओठ थरथरला, बाहेर आला. कादंबरीनं तोंड फिरवलं आणि खोली दणाणून सोडली.

जयंतरावांनी हात मागे घेतले.

"नाही म्हणाली," ते म्हणाले. "बरोबर आहे तिचं. आपण मान्य करायचं." त्यांनी रुमाल काढला आणि तेलाचं एकेक बोट पुसायला लागले. रविवार तीन दिवसांवर होता.

ज्ञानदानं कादंबरीला उचलून खांद्यावर घेतलं. मग ती वडिलांच्या पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून गादीवर बसली आणि एका हातानं केसांची क्लिप काढली.

"पुसू नका. मला विचारा," ती म्हणाली.

"काय विचारू?"

"परवानगी."

जयंतरावांना काही समजेना. त्यांनी ध्रुवकडे बघितलं. ध्रुव सपातांकडे बघत होता.

"मी मधल्या थांब्यावर चढले होते बाबा," ज्ञानदा तशीच पाठमोरी म्हणाली. "तुमच्या मागच्याच सीटवर होते. हाक मारणार होते, पण तुम्ही कादूशी बोलत होता."

जयंतरावांनी वाटीतलं तेल तळहातावर घेतलं, हात चोळले, आणि ज्ञानदाच्या खांद्यावरून पुढे करून तिला दाखवले. रीत म्हणजे रीत.

"लावू का गं?"

"लावा."

लहान बाळाची टाळू भरतात तसं त्यांनी तिच्या डोक्याच्या मधोमध तेल ओतलं आणि बोटांनी हळूहळू जिरवू लागले. पस्तीस वर्षांच्या लेकीनं डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले, श्वास लांब झाला, मान एका बाजूला कलली. गेल्या तीन महिन्यांत ती बसल्या बसल्या अशी कुठे झोपली नव्हती.

तिच्या खांद्यावरून कादंबरी मागे बघत होती. आईचा श्वास संथ झाला तशी तिची रड हुंदक्यांवर आली, मग तीही थांबली. समोर एक बिनमिशीचा चेहरा होता आणि तो रडत होता. आजवर हे काम या घरात ती एकटीच करत आली होती. तिनं त्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं आणि त्याचं तेलकट बोट मुठीत धरलं. जयंतरावांनी दुसऱ्या हाताचं काम चालूच ठेवलं. पाच मिनिटं झाली का, हे मोजायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

संध्याकाळी पाच वाजता कादंबरी ठरल्या वेळी पुन्हा रडली. पण आजोबांच्या खांद्यावर रडली. हा फरक जयंतरावांनी शोभनाताईंना फोनवर तीनदा समजावून सांगितला.

"बरं झालं," शोभनाताई डोळे टिपत म्हणाल्या. "आता त्या पिशवीचं काम संपलं. जास्त दिवस ठेवू नका, किडे पडतील. रात्री पोळ्या करून टाका त्याच्या."

जयंतरावांनी ओट्याकडे बघितलं. पिशवी अजून झबल्यात होती. टोपडं त्यांनी घरी आल्यावर नवी डाळ भरून पुन्हा नीट बांधलं होतं.

"पोळ्यांचा आटा ध्रुवराव दुकानातून आणतील," ते म्हणाले. "हिच्या नकोत. हिला मी बरंच काही सांगून बसलोय."